मराठी क्रियापद आणि इंग्रजी वळण

(शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी व लोकप्रतिनिधी यांच्यासमोर बोरीवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सकाळी साडेआठच्या सुमारास बोरीवली स्थानकाच्या पुलावर उभे राहून दहा मिनिटे नुसते ऐकले, तरी मराठी क्रियापदांचा एक चांगला तास होऊ शकेल. "फास्टचा इंडिकेटर लागला," असे एक जण ओरडतो. "चर्चगेट पलीकडे लागली आहे," असे दुसरा सांगतो. "काल एका मिनिटाने गाडी मिस केली," ही तिसऱ्याची तक्रार असते. एक मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत असते, "तुला किती वेळ ट्राय करत होते, फोन लागतच नव्हता."

या चार वाक्यांत फास्ट, इंडिकेटर, मिस, ट्राय, फोन असे इंग्रजी शब्द आहेत. भाषेच्या काळजीने व्याकुळ झालेला माणूस ते मोजतो आणि मराठीचे कसे होणार, असा प्रश्न विचारतो. प्रश्नामागची तळमळ खरी असली, तरी शब्द मोजण्याची ही रीत फसवी आहे. त्या वाक्यांतील नामे बाजूला ठेवून क्रियापदांकडे पाहिले, तर निराळेच चित्र दिसते.

पहिल्या दोन वाक्यांतील क्रियापद 'लागणे' हे आहे. मराठीत भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. आणि गोराईच्या खाडीत होडी धक्क्याला लागते. होडी धक्क्याला लागावी तशी गाडी फलाटाला लागली, आणि पुढे त्याच ओघात इंडिकेटर लागला, फोन लागला. इंग्रजीत गाडीसाठी एक, फलकासाठी दुसरे आणि दूरध्वनीसाठी तिसरे क्रियापद योजावे लागते. मराठी प्रवाशाने त्या तिन्हींकडे ढुंकूनही पाहिले नाही. वस्तूंची नावे त्याने इंग्रजीतून उचलली आणि घरच्या जुन्या क्रियापदाच्या स्वाधीन केली. अशा वाक्यांना भेसळ म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसऱ्या वाक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. गाडी निघून गेली, की जुना मराठी माणूस "गाडी चुकली" किंवा "गाडी हुकली" असे म्हणे. या वाक्यात गाडी हा कर्ता आहे. माणसाकडे फारतर 'माझी' किंवा 'मला' एवढीच जागा येते. घडले ते घडले, असा त्याचा भाव असतो. "मी गाडी मिस केली" असे म्हणताच माणूस कर्त्याच्या आसनावर बसतो आणि गाडी चुकणे हे जणू त्याने केलेले एक कृत्य ठरते. गंमत अशी, की वाक्याचे व्याकरण पुरते मराठी आहे. 'केली' हे रूप स्त्रीलिंगी 'गाडी'ला धरून नेमके वळले आहे. बदलले आहे ते एवढेच, की घटनेची जबाबदारी एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवली गेली आहे.

हेच 'मिस करणे' घराघरांत आणखी एका अर्थाने पोचले आहे. परगावी गेलेला मुलगा आईला "मी तुला मिस करतो" असे कळवतो. मराठीत आठवण ही करायची गोष्ट नव्हे, ती येते; न बोलावता येते, नको असतानाही येते. आणि नुसती आठवण पुरेशी वाटत नसेल, तर "चुकल्याचुकल्यासारखे वाटते" हा शब्दप्रयोग हाताशी आहेच. म्हणजे गाडी निघून जाणे आणि जिवलग माणूस जवळ नसणे, या दोन्ही अर्थांना पुरणारे एक क्रियापद इंग्रजीत आहे, तसेच ते मराठीतही आहे. 'चुकणे' हे ते क्रियापद. ते विसरून मराठी माणूस त्याच कामासाठी बाहेरून उसने आणतो, हे थोडे चुटपुट लावणारे आहे.

ज्या परिसरात हे बोलणे चालते तो परिसरही ध्यानात घेतला पाहिजे. एक्सर, शिंपोली, वजिरा, गोराई अशा गावांचा हा मुलूख १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला, आणि १९९० पासून बोरीवली हा मुंबई उपनगर जिल्ह्याचा एक तालुका आहे. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन आणि वारली यांच्या बोली येथे आधीपासून होत्या; नंतर गिरगाव-दादरची मराठी आली, कोकण, देश व खानदेश येथली आली, शेजारी गुजराती नांदली आणि बाजारात हिंदी. त्यामुळे येथे कानावर पडणारे प्रत्येक वेडेवाकडे वाक्य इंग्रजीच्या माथी मारणे योग्य नाही. "सॉरी बोल" या वाक्यातला 'सॉरी' इंग्रजी असला, तरी 'म्हण'च्या जागी आलेला 'बोल' हा हिंदीचा पाहुणा आहे. "माझी मदत कर" हेही हिंदीचेच वळण; मराठीत 'मला मदत कर' असे म्हणतात.

परक्या शब्दाला 'करणे' किंवा 'होणे' जोडून क्रियापद घडवण्याची युक्ती इंग्रजांच्या आगमनाने आलेली नाही. मंजूर करणे, रद्द करणे, जप्त करणे, माफ करणे, हजर होणे, सुरू होणे ही सर्व फारशी-अरबी शब्दांना लावलेली मराठी शेपटे आहेत. यांतील एकही काढून टाकले, तर आजचा तहसील कचेरीचा कारभार दुपारपर्यंतही चालणार नाही. फारशीने शब्दांबरोबर वळणेही दिली. 'हवा खाणे' हा वाक्प्रचार फारशीतल्या 'हवा खुर्दन'चा जसाच्या तसा अवतार आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी फारशीच्या या परिणामाची चर्चा केली आणि माधव जूलियन यांनी १९२५ साली फारशी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा मराठीच्या पोटात फारशी किती खोल मुरली आहे याची सुशिक्षितांना जाणीव झाली. तरी मराठी मराठीच राहिली. ही युक्ती जगभर आहे. जपानी माणूस इंग्रजी 'कॉपी'ला आपले 'सुरू' हे क्रियापद जोडून 'कोपी सुरू' असे म्हणतो. त्याच्या 'सुरू'चा अर्थ मराठी 'सुरू' असा नसून 'करणे' असा आहे. तुर्की भाषाही हेच करते.

मराठीच्या पचनशक्तीचे सर्वांत चांगले उदाहरण हवे असेल, तर 'नापास' हा शब्द घ्यावा. 'पास' इंग्रजी, 'ना' फारशी आणि 'नापास झाला' हे वाक्य अस्सल मराठी. महाराष्ट्रातील एकाही पालकाला या शब्दाचे मूळ शोधावेसे वाटलेले नाही. वाटला असेल तो दुसराच काही राग.

इंग्रजीत क्रियापदाला एखादे शब्दयोगी अव्यय चिकटवून नवीन अर्थ घडवण्याची फार मोठी खोड आहे. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर. पण 'पुट अप' म्हणजे कागद वरिष्ठांसमोर सादर करणे. अशी जोडगोळी मराठीत येते तेव्हा मराठी तिचे दोन तुकडे पाहतच नाही. ती सबंध जोडीला एक नाम समजते आणि पुढे आपले क्रियापद ठेवते: फाईल पुटअप केली, फॉलोअप घेतला, बॅकअप ठेवला. यांत कोठे 'करणे' लावायचे, कोठे 'घेणे' आणि कोठे 'ठेवणे', हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तरी चुकणारा माणूस विरळाच. 'फॉलोअप' हा पाठपुरावा असल्यामुळे तो करताही येतो. पण वरिष्ठ तो 'घेतात' आणि कनिष्ठ तो 'देतात'. कार्यालयातील सगळी उतरंड त्या दोन क्रियापदांत आली आहे. वाहनचालकांच्या बोलीत ही निवड आणखी बारकाईने होते. गाडी रिव्हर्स घेतात, मागच्याला साइड देतात, ओव्हरटेक करतात. पण ज्याला त्याचा अभिमान असतो तो ओव्हरटेक 'मारतो'.

या वर्गातील एक शब्द शिक्षकांना व ग्रामसेवकांना सांगण्याची गरज नाही. 'अप' आणि 'डाऊन' या रेल्वेच्या दोन दिशा. इंग्रजीत ती क्रियापदेही नव्हेत. महाराष्ट्राने त्यांना जोडून 'अप-डाऊन करणे' हे क्रियापद तयार केले आणि जेथे रेल्वेचा रूळही नाही अशा तालुक्यांत नेऊन रुजवले. नोकरीच्या गावी न राहता रोज तालुक्याहून येणे-जाणे, हा एवढा मोठा अर्थ त्यात सामावला आहे. मुख्यालयी राहण्याविषयीच्या चर्चेत हा शब्द निघाला, की सभागृहातील निम्मी माणसे खाली पाहू लागतात.

तेव्हा शब्द आले म्हणून भिण्याचे कारण नाही. 'गाडी पकडणे' हे उघडपणे इंग्रजी वळण आहे. जुना शब्दप्रयोग 'गाडी गाठणे' असा होता, आणि त्यात अंतर कापून पोचण्याचा भाव होता. पण बोरीवलीची सकाळची गर्दी पाहिली, तर 'पकडणे' हेच वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, असे कोणीही म्हणेल. 'प्रकाश टाकणे', 'पावले उचलणे', 'भाग घेणे' हे शब्दप्रयोगही इंग्रजीच्या सावलीत वाढले आणि आता ते घरचेच झाले. उलट काही ठिकाणी मराठीने आपले शहाणपण सोडले नाही. इंग्रजीत लक्ष हे पैशासारखे चुकते करतात, भेटही चुकती करतात. मराठी माणूस लक्ष नुसते देतो आणि भेटही नुसती देतो. हिशेब ठेवत नाही.

काळजी करावी अशी वळणे थोडी आहेत, आणि त्यांत बहुधा एकही इंग्रजी शब्द नसतो. म्हणूनच ती नजरेतून सुटतात.

एक वळण 'असणे'चे आहे. एखादी वस्तू बाळगणे, नाते असणे, वेळ असणे, ताप असणे या सर्वांसाठी इंग्रजीला एकच क्रियापद पुरते. मराठी येथे फार चोखंदळ आहे. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे छत्री आहे. त्याच्यापाशी पैसे आहेत. तिला ताप आहे. मला वेळ नाही. नाते, वस्तू, व्याधी आणि वेळ यांना वेगवेगळी दारे आहेत. आता मुलांच्या वहीत "माझ्याकडे एक बहीण आहे" असे वाक्य सर्रास सापडते. छत्री जशी कोपऱ्यात ठेवलेली असते तशी बहीण ठेवलेली आहे की काय, असे वाचणाऱ्याला वाटावे. सभेतही "माझ्याकडे एक प्रश्न आहे" असे म्हणत वक्ते उभे राहतात. पूर्वी माणसाला काहीतरी विचारायचे असे.

दुसरे वळण 'शकणे'चे. मराठीत 'शकणे' म्हणजे सामर्थ्य असणे. इंग्रजीत परवानगी, शक्यता आणि सामर्थ्य यांची क्रियापदे एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. त्यांचे भाषांतर करताना मराठीने तिन्ही ओझी 'शकणे'वर लादली. दवाखान्यात, बँकेत, कार्यालयात आलेल्या माणसाला "तुम्ही बसू शकता" असे सांगितले जाते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी असे सांगितले, तर ती आनंदाची बातमी ठरेल; एरवी "बसा" हा दोन अक्षरांचा शब्द पुरेसा आहे आणि त्यात आदरही कमी नाही. "मी तुमची काय मदत करू शकते?" या वाक्याला मराठी खेड्यातला म्हातारा काय उत्तर देणार? ती मुलगी काय करू शकते, हे त्याला कसे ठाऊक असणार! "काय काम होते, आजोबा?" असे विचारले, तर तो पिशवीतून कागद काढतो.

ही वळणे आली कशी, याचे उत्तर शाळेच्या फळ्यापाशी सापडते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढे ठेवून. मराठी क्रमिक पुस्तकांच्या गद्याला वळण लावण्यात मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्या इंग्रज भाषांतरकारांचा हात होता. आज लिहिताना वापरली जाणारी विरामचिन्हेही त्याच काळातली देणगी होय. पुढे तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. इंग्रजी वाक्याच्या प्रत्येक रूपासमोर एक ठराविक मराठी रूप ठेवायचे, ही त्या शिक्षणाची रीत. इंग्रजी शिकण्यास ती फार उपयोगी पडली. परंतु रस्ता तयार झाला, की त्यावरून दोन्हीकडची वाहतूक सुरू होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमालेचा प्रारंभच मराठीच्या तत्कालीन स्थितीविषयीच्या निबंधाने केला. ते स्वतः इंग्रजी गद्याचे मोठे व्यासंगी होते. इंग्रजीचे वळण पचवून मराठी गद्य बलवान कसे होते, याचा दाखला म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवता येते.

सर्वांत महत्त्वाचे वळण आहे ते कर्मणी रचनेचे, आणि त्याचा संबंध कारभाराशी आहे.

"रामाने रावणाला मारले" हे सरळ मराठी वाक्य. शालेय व्याकरणात त्याच्या शेजारी "रावण रामाकडून मारला गेला" हे वाक्य दिलेले असते, आणि त्या प्रयोगाला 'नवीन कर्मणी' असे नाव आहे. इंग्रजीच्या धर्तीवर आलेली ही रचना आहे, हे व्याकरणकारांनी लपवलेले नाही. 'नवीन' या शब्दातच ते आले. कर्मणी रचना मराठीला अपरिचित होती असे मात्र नव्हे. जुन्या पत्रांच्या शेवटी येणारे 'जाणिजे' हे कर्मणीचेच प्राचीन रूप आहे. पण त्या पत्रांत आज्ञा कोणी केली आणि ती कोणाला, हे मायन्यातच स्पष्ट असे. पत्र लिहिणारा आपले नाव आडपडद्यात ठेवत नसे.

इंग्रजी अमदानीत कचेरीच्या पत्रांची एक ठराविक भाषा आली. त्या पत्रात कोणी काही ठरवत नसे, ते 'ठरवले गेलेले' असे; कोणी कळवत नसे, माणसाला 'कळवले जात' असे. स्वातंत्र्यानंतर मराठी राजभाषा झाली, ही फार मोठी गोष्ट होती. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्याआधीच १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले होते. १९६२ साली पदनाम कोश आणि १९७३ साली शासन व्यवहार कोश निघाला. या कामामागे थोर परंपरा होती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. १९३१ साली बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' प्रसिद्ध झाला. या सर्व कोशांचा मुख्य भर नामांवर होता, आणि ते स्वाभाविकही होते. पदे, खाती, कागद आणि कर यांना मराठी नावे मिळाली. 'फाईल'ला 'नस्ती' मिळाली. ती कागदावर राहिली आणि तोंडात फाईलच राहिली, हे सोडून द्यावे. क्रियापदांसाठी 'प्रशासन वाक्प्रयोग' हे पुस्तक तयार झाले. 'सादर करावे', 'दप्तरी दाखल करावे', 'चर्चा करावी' असे सुटसुटीत शेरे रुळले आणि कारकुनाच्या हाताला मराठी बसली. ज्यांनी हे काम केले त्यांच्यासमोर इंग्रजी मसुदा होता आणि हाताशी वेळ थोडा होता. "यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड" याचे "आपणांस याद्वारे कळविण्यात येते की" झाले, यात त्यांचा दोष काढता येणार नाही. शब्द सगळे मराठी झाले. वाक्याचा सांगाडा मात्र साहेबाच्या कचेरीतलाच राहिला.

त्या सांगाड्याने काय घडते, हे एका साध्या सूचनेवरून पाहता येईल. उपनगरातील कोणत्याही इमारतीच्या फाटकावर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर अशा स्वरूपाचा मजकूर लागतो: "दुरुस्तीच्या कामास्तव गुरुवारी सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तद्नंतर पुरवठा पूर्ववत करण्यात येईल. नागरिकांनी पुरेसा पाणीसाठा करून ठेवावा व सहकार्य करावे."

मजकूर शुद्ध मराठी आहे. त्यात एकही इंग्रजी शब्द नाही, आणि भाषेच्या कोणत्याही स्पर्धेत तो उत्तीर्ण होईल. पण वाक्यांचे कर्ते शोधावेत. पाणी कोण बंद ठेवणार? कर्ता नाही. पूर्ववत कोण करणार? कर्ता नाही. साठा कोणी करावा? नागरिकांनी. सहकार्य कोणी करावे? नागरिकांनी. ज्या क्रिया कार्यालयाच्या, त्या आपोआप घडतात. ज्या क्रिया नागरिकाच्या, त्यांना तेवढा नावानिशी कर्ता आहे. सायंकाळी ७ वाजले आणि नळ कोरडाच राहिला, तर दोन घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाईने कोणाकडे जावे? सूचनेत तिला काय करायचे ते सांगितले आहे. कोणाला विचारायचे ते सांगितलेले नाही. हे लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात काही लपवण्याचा हेतू असतो, असे मुळीच नाही. मागच्या वर्षीच्या सूचनेवरून त्याने ही उतरवली, आणि मागच्या वर्षीची त्याच्या आधीच्या वर्षीवरून.

बोरीवलीच्या पूर्वेला, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. त्यांच्या अंगणात खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' असे म्हटले आहे. सुमारे अठरा शतकांपूर्वीचे हे प्राकृत लेख. कल्याणचा किंवा सोपाऱ्याचा कोणी व्यापारी, कोणी सोनार, कोणी भिक्षुणी यांनी आपले नाव, गाव आणि व्यवसाय सांगून ही पोढी आपले 'देयधम', म्हणजे देयधर्म आहे, असे तेथे कोरून ठेवले आहे. पुष्कळ लेखांत क्रियापदच नाही. तरीही पाणी कोणी दिले, हे आज वाचणाऱ्यालाही कळते. खाली फाटकावर लावलेल्या सूचनेत 'ठेवण्यात येणार आहे' असे तीन शब्दांचे ऐसपैस क्रियापद आहे आणि माणूस एकही नाही.

कर्ता नसणे हे नेहमीच वाईट, असेही समजू नये. ग्रामसभेच्या इतिवृत्तात "ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला" असे वाक्य येते. त्याने कोणाचेही नुकसान होत नाही. कारण सभा कोणाची हे वर लिहिलेले असते आणि खाली सूचक व अनुमोदक यांची नावे असतात. फुले उमलतात, रस्ता खचतो, पूर येतो. येथे कर्ता शोधणेच वेडेपणाचे आहे. जेथे करणारा माणूस आहे, त्याचे कर्तव्य ठरलेले आहे आणि वाचणाऱ्याला त्याच्याकडे जाण्याची गरज पडणार आहे, तेथे मात्र कर्ता लिहिलाच पाहिजे.

या बाबतीत भाषेच्या आधी कायदा जागा झाला, असे म्हणावे लागते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने प्रत्येक कार्यालयात जन माहिती अधिकारी नेमायला लावला आणि त्याच्यापुढे ३० दिवसांची मुदत ठेवली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी, ठराविक मुदत आणि त्यावर अपिले अशी व्यवस्था केली. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे, तर या दोन्ही कायद्यांनी वाक्याला कर्ता परत दिला आणि काळही निश्चित केला. 'दाखला देण्यात येईल' याच्या जागी 'अमुक अधिकारी अमुक दिवसांत दाखला देतील' असे वाक्य फलकावर यावे, हा त्यांचा अर्थ. कित्येक कार्यालयांच्या भिंतीवर तो फलक लागलेला आहे. त्याच कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रात मात्र "आपला अर्ज विचाराधीन ठेवण्यात आला आहे" असेच लिहिलेले असते, आणि अर्ज विचारासाठी नेमका कोणाच्या टेबलावर आहे हे कळण्यासाठी म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकाला दोन जिने चढावे लागतात.

मुलांच्या बाबतीत हे काम सोपे आहे, कारण मराठीची मूळ ठेवण त्याला अनुकूल आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे अशा जोड्या मराठीत विपुल आहेत. एक घडण्याचे क्रियापद, दुसरे घडवण्याचे. एवढ्याशा फरकाने मराठी माणूस जबाबदारी ठेवतो किंवा उचलतो. इंग्रजी शब्दांनाही या जोड्या तत्काळ मिळाल्या आहेत. "फाईल डिलीट झाली" असे सांगणारा आणि "फाईल डिलीट केली" असे सांगणारा, यांच्यातला फरक कोणत्याही कार्यालयप्रमुखाला समजावून सांगावा लागत नाही. क्रिकेटने तर मराठीला अशी कितीतरी क्रियापदे दिली, आणि ती सांभाळण्याचे काम बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी रेडिओवरून केले. धावा 'काढल्या' जातात, झेल 'टिपला' जातो, त्रिफळा 'उडतो'. मैदानावरच्या मुलांनी खेळाडूला 'आऊट काढले', ते विहिरीतून पाणी काढावे इतक्या सहजतेने.

आठवीच्या वर्गात एक तास यासाठी द्यावा. फळ्यावर एखादी खरी सूचना लिहावी. पाण्याची, वीज बंद राहण्याची, शाळेच्याच फीची. मुलांना इंग्रजी शब्दांखाली रेघ मारायला सांगू नये. प्रत्येक क्रियापदापुढे 'कोण?' असे लिहायला सांगावे आणि ज्याचे उत्तर सूचनेत नाही, त्याचे उत्तर विचारून आणायला सांगावे. पाणी कोण सोडतो, त्याचे पद काय, त्याचे कार्यालय कोठे, हे विचारून आलेली मुले दुसऱ्या दिवशी तीच सूचना पुन्हा लिहितात: "प्रभागाचे पाणीखाते गुरुवारी सायंकाळी ६ वाजता पाणी सोडील. न आल्यास या क्रमांकावर दुय्यम अभियंत्यांना विचारा." वाक्ये लहान होतात, कागद कमी लागतो, आणि सूचना वाचून आजीलाही समजते. ग्रामपंचायतीचे सदस्य असलेल्या पालकांनी आपल्या फलकावरील मजकूर मुलांकडून असा तपासून घ्यायला हरकत नाही.

या अभ्यासात मुले फार उत्साहाने भाग घेतात. वाक्यामागून वाक्य घेऊन ती कर्ता हुडकून काढतात, मोठ्यांच्या पत्रांतलाही काढतात. फक्त "बाई, काच फुटली" हे वाक्य फळ्यावर लिहिले, की साऱ्या वर्गाला एकाएकी खिडकीबाहेरचे आकाश दिसू लागते.